सुट्टीतले वसतिगृह

महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या अखेरीस संपते असा आपला सर्वसाधारण समज असतो, आणि जो तेथे विद्यार्थी म्हणून राहिला त्याच्यापुरता तो खराही आहे. परंतु ज्या माणसांच्या हातांवर ते वसतिगृह चालते त्या रेक्टर, गृहपाल, कारकून, शिपाई, पहारेकरी, आचारी, वाढपी, पोळ्या लाटणाऱ्या बाया आणि सफाई कामगार यांचे वर्ष बारा महिन्यांचे असते, आणि त्या बारांपैकी जे दोन महिने आपण रिकामे समजतो तेच कामाच्या दृष्टीने सर्वांत निराळे असतात. मुलांनी गजबजलेल्या वसतिगृहाविषयी आपल्याकडे आठवणी, कथा आणि नाटके यांतून पुष्कळ लिहिले गेले आहे; मुले घरी गेल्यावर त्याच इमारतीत काय चालते याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः पुढच्या दहा महिन्यांची सुखदुःखे बऱ्याच अंशी याच दिवसांत ठरून जातात.

हा बदल समजून घ्यावयाचा तर आधी सत्र चालू असतानाची गती ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळात वसतिगृहातील प्रत्येक काम घड्याळाला बांधलेले असते. पहाटे टाकी भरण्यासाठी मोटर लावणे, सकाळचा चहा आणि नाश्ता, तासांना जाण्यापूर्वीचे जेवण, संडास-न्हाणीघरांची दोनदा धुलाई, संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीची हजेरी आणि त्यानंतर फाटकाला कुलूप, हा क्रम एका दिवसापुरताही थांबवता येत नाही. आणि या क्रमाच्या फटीफटींतून इतर शंभर गोष्टी उभ्या राहतात. कोणाची किल्ली हरवते, कोणाला मध्यरात्री ताप भरतो, दोन खोल्यांत भांडण लागते, एखाद्या मुलाच्या घरून वाईट बातमी येते आणि त्याला एस.टी.पर्यंत सोबत देण्यासाठी माणूस शोधावा लागतो. अशा दिवसांत कोणतेही लांब पल्ल्याचे काम हाती घेणे अशक्यच असते. गळणारा नळ बदलण्याऐवजी त्याला दोरा गुंडाळला जातो, मोडक्या खुर्चीला तात्पुरता खिळा मारला जातो, आणि जे काम पुरे करण्यास तीन दिवस लागतील ते ‘सुट्टीत पाहू’ या शब्दांवर पुढे ढकलले जाते. वसतिगृहातील कर्मचाऱ्यांच्या तोंडी हे दोन शब्द सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत अखंड असतात, आणि त्यांत टाळाटाळीचा हेतू नसतो.

सत्रातून सुट्टीत होणारे संक्रमण हळूहळू होत नाही. शेवटचा पेपर झाल्यावर चारसहा दिवसांत सारे वसतिगृह रिकामे व्हावयाचे असते, आणि हेच दिवस कार्यालयाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत धावपळीचे असतात. खोली सोडणाऱ्या विद्यार्थ्याला अनामत रक्कम परत मिळण्यासाठी थकबाकी नसल्याचा दाखला हवा असतो. त्यावर ग्रंथालयाचा, मेसचा आणि वसतिगृह कार्यालयाचा असे निरनिराळे शिक्के लागतात. आणि शिक्का मारण्यापूर्वी शिपायाला जडवस्तू नोंदवही घेऊन त्या खोलीत जावे लागते. खाट, टेबल, खुर्ची, पंखा, दिवा, खिडकीच्या काचा आणि कुलपाची दुसरी किल्ली यांची नोंदवहीतील तपशिलाशी ताडणी होते, उणीव असेल तर अनामतीतून वजावट होते, आणि त्या वजावटीवरून थोडाबहुत वादही होतो. इकडे मेसचा हिशेब पुरा करावयाचा असतो: कोणाचे किती खाडे धरावयाचे, कोणी किती पाहुणे जेवावयास आणले, शेवटच्या फीस्टचा खर्च कसा वाटावयाचा. पुढच्या वर्षी परतणाऱ्या मुलांच्या ट्रंका आणि पुस्तकांची खोकी नावाच्या चिठ्ठ्या डकवून कोठीच्या खोलीत रचली जातात. जे मागे टाकून दिले जाते तेही थोडे नसते. बादल्या, चपला, उशा, रद्दी, न संपलेल्या वह्या, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे यांतून सफाई कामगार आणि पहारेकरी आपल्या मुलांना उपयोगी पडेल ते निवडून घेतात, आणि वह्यांची कोरी पाने शिवून त्यांतून जूनमधल्या शाळेसाठी नव्या वह्या तयार होतात.

यानंतर जी गती सुरू होते तिचा स्वामी घड्याळ नसून ऋतू असतो. विदर्भातील वसतिगृहांत हे सर्वांत स्पष्टपणे दिसते. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कित्येकदा त्याच्याही पलीकडे जातो; तेव्हा बांधकामाचे किंवा सफाईचे कोणतेही काम पहाटे उजाडता उजाडता सुरू करून दहा-अकराच्या सुमारास थांबवावे लागते, आणि पुन्हा हत्यारे हातात घेण्यास उन्हे कलतात. मधला सहा तासांचा काळ सक्तीच्या विश्रांतीचा असतो. जिन्याखालच्या सावलीत अंग टाकलेला गवंडी पाहून कोणा अभ्यागताला तो आळशी वाटेल, पण सकाळी सहापासून परांचीवर उभ्या असलेल्या त्या माणसाने दिवसाचे अर्धे काम तोपर्यंत हातावेगळे केलेले असते. कोकणात आणि मुंबईकडे उन्हापेक्षा घाम अधिक छळतो, तेथे दुपारही कामात जाते, पण संथपणे. पुण्या-कोल्हापुराकडे जाड दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर भर वैशाखातही काम करता येते. सिमेंटच्या नव्या इमारतींचा गच्चीखालचा मजला मात्र दुपारभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकीत राहतो, आणि तेथील खोल्या रंगवण्यासाठी मजूर मिळणे कठीण जाते.

या संथ दिसणाऱ्या कामाला एक कठोर मुदत असते, आणि ती कोणत्याही प्राचार्याच्या हुकमाने वाढवून मिळत नाही. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, ही सर्वसाधारण सरासरी. वळवाचे पाऊस त्याच्याही आधी येऊन जातात. म्हणून एप्रिल संपताच पहिला विचार छपराचा होतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या वसतिगृहांवर अजून मंगळुरी कौले आहेत; बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथून या कौलांचा प्रसार पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर झाला. ही कौले दरवर्षी उतरवून, वासे आणि रिपा वाळवीसाठी तपासून, फुटकी वगळून पुन्हा बसवावी लागतात. हे काम जाणणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि जे आहेत त्यांना याच पंधरवड्यात चोहोकडून बोलावणी असतात. त्यामुळे ज्या संस्थेचा कारकून मार्चमध्येच त्यांना विसार देऊन ठेवतो तिचे छप्पर वेळेवर होते, आणि बाकीच्यांना जुलैत खोलीखोलीतून बादल्या ठेवाव्या लागतात. सिमेंटच्या गच्च्यांची कथा याहून निराळी नाही. तडे बुजवून वर गिलावा केला तर तो निदान आठवडाभर पाण्याने भिजत ठेवावा लागतो, नाहीतर उन्हाने तो वाळून नव्याने तडकतो. आणि नेमके त्याच दिवसांत पाण्याची ओढ असते.

भिंतींना उन्हाळ्यातच रंगसफेदी करावयाची, यामागेही असेच कारण आहे. चुन्याचा हात हवेतील कर्बवायू शोषून घेत हळूहळू कठीण होतो. भिंत आतून ओली असेल तर तो धरत नाही, पोपडे येतात. वर्षात भिंत सर्वांत कोरडी असते ती वैशाखात. भट्टीची चुनकळी पिंपात भिजवून, निवल्यावर कापडातून गाळून, त्यात डिंक आणि किंचित नीळ घालून खोल्या पांढऱ्या करण्याची जुनी रीत आता डबाबंद रंगांपुढे मागे पडली आहे. ती पुष्कळ अंशी शहाणपणाची होती, असे मला वाटते, कारण चुन्याच्या क्षारधर्मामुळे दमट खोलीत बुरशी सहजासहजी वाढत नाही, आणि एका खोलीत तीन-चार मुले ओले कपडे वाळत घालून पावसाळा काढणार असतील तर या गुणाचे मोल चकचकीतपणापेक्षा निश्चितच अधिक आहे.

वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ढेकणांची माहिती सांगावयास नको. पण रिकाम्या खोलीत दोन महिने उपास घडल्याने ढेकूण मरतील अशी जी एक भाबडी समजूत अनेक कार्यालयांत आढळते ती खरी नाही, कारण हा कीटक रक्तावाचून काही महिने तग धरू शकतो. उष्णतेने मात्र तो मरतो; पन्नास अंशांच्या आसपास तापमान थोडा वेळ टिकले की किडा आणि अंडी दोन्ही नष्ट होतात. गच्चीवर वाळत घातलेल्या गादीच्या पृष्ठभागावर इतकी उष्णता येते, पण कापसाच्या पोटात आणि शिवणीच्या घडीत ती पोहोचेलच असे नाही. म्हणून जाणता सफाई कामगार गादी दोन्ही बाजूंनी उलटीसुलटी करीत अनेक दिवस तापवतो, आणि लोखंडी खाटांचे सांधे, टेबलाच्या खाचा आणि भिंतीतली भोके यांत किटलीने उकळते पाणी ओततो. शेकडो खाटांचे हे काम दोघा-तिघांना करावयाचे तर त्यात महिना सहज निघून जातो. नुसती औषधाची फवारणी करून एका दिवसात हे उरकणारे ठेकेदार आता मिळतात खरे. परंतु फवारणीला दाद न देणारे ढेकूण जगभर वाढत चालले आहेत, आणि त्यांच्यापुढे किटलीतील पाणी अद्याप हरलेले नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे, कारण तेथे संथपणाला जागाच उरत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली, आणि पाणी भरण्याच्या जागी गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. लातूर हे शिकवण्यांसाठी आणि महाविद्यालयांसाठी साऱ्या मराठवाड्यातून मुले जेथे येतात असे शहर. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात होत असल्याने तेथील वसतिगृहे एप्रिलमध्ये रिकामी होत नाहीत, उलट अभ्यासाचा जोर तेव्हाच सर्वाधिक असतो. अशा ठिकाणी गृहपालाचा दिवस टँकरच्या वाटेकडे डोळे लावण्यात, टाकीत काठी बुडवून पातळी मोजण्यात आणि अंघोळीची बादली एकावर आणण्यासाठी मुलांची समजूत घालण्यात जातो. जेथे मुले घरी गेली आहेत तेथे हेच दिवस टाक्या उपसून, तळाचा गाळ काढून, भिंती घासून घेण्याचे असतात. वर्षभर मुलांनी प्यालेल्या पाण्याचा तळ पाहण्याची संधी या एकाच वेळी मिळते, आणि रेक्टरने तो पाहण्यास स्वतः गेले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

सेप्टिक टाक्यांच्या सफाईची वेळही हीच, आणि येथे थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. जमीन कोरडी, वापर बंद, मुले दूर, अशा या सोयीच्या दिवसांत टाकी उघडली जाते, आणि उन्हाने तापलेल्या त्या टाकीत प्राणघातक वायू साचलेले असतात. माणसाला संरक्षक साधनांवाचून अशा टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती २०२३ साली तीस लाख केली. तरीही ‘थोडेसेच राहिले आहे, उतरून काढ’ असे सांगणारे लोक आहेत, आणि सुट्टीमुळे ते पाहणारे कोणी नसते. यंत्राची गाडी मिळेपर्यंत टाकी बंद ठेवणे हाच एकमेव मार्ग आहे. त्यापायी वसतिगृह आठ दिवस उशिरा उघडले तरी चालेल.

भोजनगृहातली सुट्टी पाहण्यासारखी असते. चुली बंद झाल्या तरी कोठीचे काम या दिवसांत वाढते, कारण रब्बीचा गहू आणि ज्वारी नुकती बाजारात आलेली असते आणि वर्षाच्या मानाने तिचा भाव तेव्हा उतरलेला असतो. संस्थेकडे पैसा आणि जागा असेल तर सहा महिन्यांचे धान्य याच वेळी घेतले जाते. ते अंगणात पसरून कडक उन्ह दाखवले जाते, निवडले जाते, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कणग्यांत भरले जाते. लाल मिरच्या देठ काढून वाळवल्या जातात, काळा मसाला भाजून कुटला जातो, कुरडया, सांडगे आणि पापड घातले जातात, आणि पहिल्या पावसाच्या आसपास कैरीच्या लोणच्याच्या बरण्या भरतात. घरोघरच्या गृहिणी जी बेगमी करतात तीच दोनशे पानांच्या प्रमाणावर करावयाची, एवढाच फरक. ज्या वसतिगृहांत हे अजून चालते तेथे पोळ्या लाटणाऱ्या बायांना मे महिन्यात काम असते आणि मजुरीही असते. जेथे मेस ठेकेदाराकडे आहे आणि मसाला पुडीतला येतो तेथे त्यांना दोन्ही नसते.

महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास पाहिला तर ही कोठी त्यांच्या केंद्रस्थानी दिसते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे निघत गेली, ती खेड्यातील मुलाला शिक्षणासाठी शहरात राहण्याजेवण्याची सोय नाही हा खरा अडसर त्यांनी ओळखला म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी जे वसतिगृह काढले, ज्याला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव मिळाले, ते शेतकऱ्यांकडून गावोगाव गोळा केलेल्या धान्यावर आणि मुलांच्या स्वतःच्या श्रमांवर उभे राहिले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांचे श्रद्धानंद छात्रालय, पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती, ही त्याच परंपरेची पुढची नावे. या माणसांनी वसतिगृह ही एक मोठी गृहस्थी मानली. धान्य कधी भरावे, छप्पर कधी शाकारावे, हे गृहस्थाला जसे कळावे लागते तसे ते त्यांना कळत होते.

विद्यार्थी घरी जातो असे आपण म्हणतो, पण तो घरी विश्रांतीसाठीच जातो असे नाही. गडचिरोली आणि मेळघाटातील मुले परततात तेव्हा मोहाचा हंगाम सरत आलेला असतो आणि तेंदूपत्त्याचा सुरू होतो. घरातील सर्वांबरोबर भल्या पहाटे रानात जाऊन पाने तोडायची, दुपारी त्यांचे पुडे बांधायचे, आणि मिळालेल्या मजुरीतून जूनमधली फी भरायची, हा अनेकांचा शिरस्ता आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उन्हाळ्याला आणखी एक अर्थ आहे: कारखान्यांचे गाळप संपून आईवडील मार्च-एप्रिलमध्ये गावी परतलेले असतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा कोयते घेऊन निघेपर्यंत घराचे दार उघडे असते. वर्षाच्या उरलेल्या काळात त्या मुलाचे खरे घर वसतिगृहच.

आणि काहीजण जातच नाहीत. राज्यसेवा किंवा केंद्रीय लोकसेवा परीक्षेची तयारी करणारे, प्रयोगशाळेतील काम मध्येच सोडता न येणारे संशोधक विद्यार्थी, ईशान्य भारतातून आलेले, परदेशातून आलेले, आणि ज्यांना जाण्यासाठी घर नाही असे. नियमाप्रमाणे वसतिगृह बंद असते, मेस बंद असते. पण मनुष्य आत असतो. मग एका मजल्यावर सर्वांना एकत्र आणले जाते, कोपऱ्यातील खानावळीशी बोलून डब्यांची तजवीज होते, आणि एरवी मुलांवर करडी नजर ठेवणारा पहारेकरी संध्याकाळी त्यांच्याशेजारी बाकावर बसून आपल्या गावच्या गोष्टी सांगू लागतो. सत्रात ज्यांना एकमेकांचे नावही विचारण्यास फुरसत नसते त्यांची ओळख या दिवसांत होते. ज्याला घर नाही त्या मुलाला ‘सुट्टीत कोठे जाशील’ हा प्रश्न कार्यालयाने दरवर्षी नव्याने विचारू नये. त्याची सोय आधीच ठरलेली असावी आणि त्याला ती मागावी लागू नये.

परदेशी शिकण्यास गेलेल्या मराठी मुलांना याहून निराळा अनुभव येतो. अमेरिकेतील विद्यापीठांत मे महिन्यात विद्यार्थी गेले की त्यांच्या खोल्या बहुधा परिषदांना, क्रीडाशिबिरांना आणि उन्हाळी अभ्यासक्रमांना भाड्याने दिल्या जातात. एक तुकडी सकाळी गेली की दुपारी दुसरीसाठी चादरी बदललेल्या असाव्या लागतात. तेथे काम करणाऱ्यांसाठी उन्हाळा अधिक वेगाचा. या भाड्यातून संस्थांना चांगले उत्पन्न होते, आणि आपल्याकडेही शिबिरांसाठी वसतिगृहे देण्याची प्रथा काही ठिकाणी पडली आहे. माझा तिला विरोध नाही. छपराचे काम आधी व्हावे, एवढेच.

कारण मुळात हा काळच आकसत चालला आहे. पूर्वी वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये संपत आणि पुढचे दोन महिने निर्वेध मिळत. सत्रपद्धती आल्यावर विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा मे-जूनपर्यंत लांबू लागल्या, २०२० च्या महामारीने वेळापत्रके आणखी विस्कटली, आणि अभियांत्रिकीसारख्या शाखांत प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्याचा भर ओसरेपर्यंत चालतात. परिणाम असा की एका टोकाला परीक्षार्थी खोली सोडत नाहीत आणि दुसऱ्या टोकाला नवे पालक सामानासह फाटकात उभे असतात. मधल्या तीन आठवड्यांत, कित्येकदा त्याहूनही कमी दिवसांत, दोन महिन्यांचे काम कोंबावे लागते. राहत्या खोलीत रंग दिला जातो, गाद्या तापवल्याशिवाय उचलल्या जातात, आणि निविदा उघडून कार्यारंभाचा आदेश निघेपर्यंत पाऊस येतो. शासकीय वसतिगृहांत दुरुस्तीची मंजुरी दुसऱ्या खात्याकडून यावयाची असल्याने गृहपालाच्या हाती पत्रव्यवहाराखेरीज फारसे काही नसते. वेळापत्रक आखणाऱ्या विद्यापीठीय मंडळांपुढे परीक्षा, निकाल आणि प्रवेश यांचे दिवस मांडलेले असतात. कौले परतण्याचे दिवसही त्यांच्यापुढे मांडले गेले पाहिजेत.

या साऱ्या श्रमांचा मोबदला कोणाला कसा मिळतो ते आता पाहू. रेक्टर बहुधा प्राध्यापक असतो, आणि सेवेतील नियमांप्रमाणे दीर्घ सुट्टी उपभोगता आली नाही तर तिच्या प्रमाणात अर्जित रजा त्याच्या खाती जमा होऊ शकते. कायम नोकरीतील शिपायाचा आणि कारकुनाचा पगार चालू असतो. उघड्यावर पडतात ती मेसवरची माणसे. ठेकेदाराचा मक्ता बहुधा दहा महिन्यांचा असतो, मुले गेली की त्याची देणी थांबतात, आणि आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या आणि पोळ्या करणाऱ्या बाया यांना ‘जूनमध्ये या’ असे सांगून निरोप दिला जातो. वर्षातील सर्वांत खर्चाचे दिवस ते, कारण लग्नसराई तेव्हाच आणि मुलांच्या शाळेची खरेदीही तेव्हाच. पुरुष बांधकामावर किंवा मांडववाल्या आचाऱ्यांच्या हाताखाली जातात. बाया मिळेल ती धुणीभांडी पत्करतात. जूनमध्ये त्यांपैकी काही परत येत नाहीत, आणि पहिल्या महिन्यात पोळ्या कच्च्या म्हणून मुले तक्रार करतात.

याला उपाय आहे आणि तो महागडा नाही. शंभर विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये आठ माणसे काम करतात असे धरू, आणि त्यांना सुट्टीच्या दीड महिन्यासाठी दरमहा दहा हजार रुपये द्यावयाचे ठरवू. एकूण रक्कम होते एक लाख वीस हजार. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला बाराशे, म्हणजे दहा महिन्यांच्या मेसबिलात महिन्याला एकशेवीस रुपये. त्या बदल्यात कोठीची बेगमी, भांड्यांना कल्हई, भोजनगृहाची सफाई आणि मागे राहिलेल्या मुलांचा साधा स्वयंपाक ही सर्व कामे ओळखीच्या हातांनी होतील, आणि जूनच्या पहिल्या दिवशी चूल पेटवणारी माणसे जुनीच असतील. ज्या संस्थांच्या मेसच्या करारांची मुदत या वर्षी संपत आहे त्यांच्या चालकांनी नव्या करारात बारा महिन्यांच्या वेतनाचे कलम घालावे, आणि मेस समितीवरील विद्यार्थ्यांनी व फी भरणाऱ्या पालकांनी ते घातले आहे की नाही हे विचारून घ्यावे.